आत्याबाईंचा सीझन

माझं नाव सुजाता. माहेर माझं जुन्या जालन्यातलं. आमची गल्ली अशी की समोरून आटो आला की तुम्ही कोणाच्या तरी ओट्यावर चढायचं, आटो जाऊ द्यायचा आणि मंग खाली उतरायचं, आणि ओट्यावर चढलं की त्या घरातली बाई इचारणारच, कुठं निघाली गं, म्हणून आमच्या गल्लीत कोण कुठं चाललंय हे सगळ्यांना म्हाईत असायचं. वडील मोंढ्यात हमाल व्हते, आई त्याच मोंढ्यात एका मारवाडी सेठच्या दुकानात धान्य निवडायला जायची. आम्ही तिघी बहिणी, मी मधली. मधलीकडं कोणाचं ध्यान नसतंय बघा ताई, मोठीला कामं लावतेत, धाकटीचे लाड करतेत, मधली मोकळीच राहती. मी मोकळी राह्यले आणि डायरेक्ट ग्राउंडवर गेले.

ग्राउंड म्हणजे काय, एका बाजूला बाभळी, एका बाजूला भंगाराचा ढीग, आणि मधी जी जागा उरली ते ग्राउंड. मोहल्ल्यातली पोरं तिथं फुटबॉल खेळायची. क्रिकेट तर गावभर व्हतं, पण फुटबॉल त्या एकाच जागी, आणि शिकवायला रशीद सर. सगळे सर म्हणायचे, पण ते कुठल्या शाळेत नव्हते बरं का, त्यांचं शिलाईचं दुकान व्हतं, शाळेचे ड्रेस शिवायचे. गळ्यात टेप तसाच टाकून ग्राउंडवर यायचे. मी कडंला उभी राहून बॉल बाहेर आला की लाथ मारून परत द्यायची, एक दिवस त्यांनी पाह्यलं आणि म्हणले, अंदर आजा, बाहर से कित्ता मारती. मी आत गेले ती गेलेच. घरी कळल्यावर वडील म्हणले पोरीचे पाय दिसतेत, ते बिलकुल चालायचं न्हाई. तर सरांनी काय केलं, वाद घातला न्हाई काही न्हाई, घरी आले, माझं माप घेतलं आणि गुडघ्याच्या खाली येईल अशी चड्डी शिवून दिली, दोन खिसे पण लावले. वडिलांना काही बोलायला जागाच राह्यली न्हाई. चार वर्षं मी ती चड्डी घालून खेळले, खिशात फुटाणे असायचे.

आता तुम्ही इचारलं की इतके गोल कसे मारले, तर खरं सांगू का, मला खेळता फार येत न्हाई. हसू नका. तीन माणसं चुकवून जाणं, लांबून मारणं, ते मला कधीच जमलं न्हाई. मला एकच कळतं, बॉल कुठं पडणार. तेवढंच. रशीद सर म्हणायचे, बॉल के पिच्छे कायको भागती, जहाँ आनेवाली है वहाँ जाके ठैर. मी जाऊन ठैरायची आणि बॉल यायचा. लोक म्हणायचे नशिबाची आहे, मी म्हणायची हाव, नशिबाचीच आहे, तुमचं काय चाललंय.

जिल्ह्याला खेळले, मंग राज्याला खेळले, आणि तिथं एका स्पर्धेत पोरींना मालदीवला खेळायला नेणारा एक माणूस आल्ता, त्यानं मला पाह्यलं. आमच्या घरात मालदीव कोणालाच म्हाईत न्हाई. सरांनी नकाशा काढला, तर समुद्रात बॉलपेननं ठिपके मारल्यासारखं दिसलं, आई म्हणली इथं माणसं कुठं राहतेत, हे तर सगळं पाणीच हाय. पण गेले. एका लहान बेटावरचा क्लब व्हता, चार महिन्यांचा सीझन. सकाळी निघून चालायला लागलं तर पोहे गार व्हायच्या आत बेटाला चक्कर मारून परत. ग्राउंड मात्र असं, हिरवंगार, बनवलेलं गवत, एक खडा न्हाई. मला पहिले आठ दिवस पडायचीच हौस, मुद्दाम पडून पाहायची. पहिल्या वर्षी सगळ्या लीगमधी जास्त गोल माझे, दुसऱ्या वर्षी पण माझेच. एका मॅचला चार, एका मॅचला पाच, त्या पोरी तरी बिचाऱ्या काय करणार, मी काही पळायची न्हाई म्हणून माझ्यावर कोणी ध्यानच द्यायचं न्हाई. काय दिवस व्हते ताई. बेटावर मी चालले की लेकरं मागून नऊ नंबर नऊ नंबर वरडायची. इथं जालन्यात उतरले की आटोवाला इचारायचा, कहाँ जाना है, और सामान कित्ता है.

दुसऱ्या सीझनहून आले आणि लग्न जमलं. इकडं वडीगोद्रीजवळच्या गावात. यशूचे पप्पा, म्हणजे आमचे हे, जालन्याला स्टीलच्या कारखान्यात आहेत, तवा पण तिथंच व्हते. पाहायला आले तवा सासूबाई संगं आल्त्या, आमच्यात आत्याबाई म्हणतेत, मी पण तेच म्हणते. सगळे इचारून राह्यले, स्वयपाक येतो का, शिकली किती, आणि आत्याबाई गप बसून माझ्या पायांकडं पाहून राह्यल्या. शेवटी म्हणल्या, ही काळी खूण कशाची. मी म्हणलं बूट चावला व्हता, बॉल खेळताना. त्या म्हणल्या, खेळणं सोडणार हाय का. आता माझी आई माझ्याकडं डोळे वटारून पाहून राह्यली, आणि माझं तोंड हे असं, मी म्हणलं न्हाई. त्या म्हणल्या, बरं. बस, तेवढंच. विहारात लग्न झालं, मी नांदायला आले.

आत्याबाईंचं सांगते तुम्हाला, त्याशिवाय पुढचं कळायचं न्हाई. त्या क्रॉसिंगच्या कामाला जायच्या. आमच्या भागात बियाण्याचे प्लॉट असतेत, कपाशीचे, भेंडीचे, मिरचीचे. संध्याकाळी जायचं, जी कळी उद्या फुलणार तीच हुडकायची, ती हातानं सोलून तिच्यातला नर काढून टाकायचा, खुणेला कागद लावायचा, आणि सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. परवा फुलणारी सोलली तर वाया, आज फुललेली सोलली तर वाया. उद्याचीच पाहिजे. आत्याबाई एका सरीतून चालत जायच्या आणि बोटं आपोआप बराबर कळीवर, मी पाह्यलंय, पाहतसुद्धा नव्हत्या, शेजारच्या बाईसंगं भांडत भांडत करायच्या. बाकीच्या बायांच्या चुका मुकादम त्यांनाच दाखवायचा. पण काम कुठं करायचं, कोणत्या प्लॉटला जायचं, ते मुकादम सांगणार, त्या जाणार.

यशू झाली. यशोधरा. ती आठ महिन्यांची आणि क्लबचा फोन आला की ये, तिसरा सीझन. मी म्हणलं लेकरू अंगावर पिऊन राह्यलं, कशी येऊ. ते म्हणले लेकराला घेऊन ये, सांभाळायला एक माणूस आण, सोय करतो. यशूचे पप्पा म्हणले मला सुट्टी न्हाई. माझी आई म्हणली आता बस झालं, लेकराची माय झालीस. नणंद जांब समर्थला दिलेली, ती म्हणली लोक काय म्हणतील. सगळे बोलून राह्यले आणि आत्याबाई तिकडं भाकरी थापून राह्यल्या. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणल्या, मी जाते तिच्यासंगं. असं, पाठमोऱ्याच. आमचे हे म्हणले आई तू, तुला जालना सोडून औरंगाबाद म्हाईत न्हाई. त्या म्हणल्या, मंग लई दिवसांचं राह्यलंय, आता जाते.

इमानात त्यांनी यशूला घट धरलं आणि डोळे मिटून घेतले, मला वाटलं भ्याल्या, म्हणलं आत्याबाई काही होत न्हाई, तर म्हणल्या गप, मला कान बंद व्हतेत ते ऐकू दे. सामानात दहा किलो ज्वारीचं पीठ, काळा मसाला, तवा. तवा! मी म्हणलं तिथं तवे असतेत. म्हणल्या, असू दे. बेटावर उतरल्यावर चारी बाजूनं पाह्यलं आणि म्हणल्या, सगळीकडं पाणी आणि प्यायला बाटली, जालन्यासारखंच हाय की.

क्लबनं आम्हाला आमिना म्हणून एका बाईच्या घरात खोली दिल्ती. आमिना आत्याबाईंच्याच वयाची, नवरा मासे धरायला जायचा. तिला पिच्चर पाहून पाहून थोडी हिंदी यायची आणि आत्याबाईंची हिंदी म्हणजे जालन्याच्या बाजारातली, दोघींचं आठ दिवसांत असं जमलं की मीच मधी परकी. ह्या तिला भाकरी शिकवून राह्यल्या, ती ह्यांना खोबरं आणि मासे एकत्र करून सकाळचं खायला शिकवून राह्यली. संध्याकाळी दोघी यशूला घेऊन धक्क्यावर, नावा पाहायला. तिथं लोखंडी सांगाड्याला जाळी बांधून खुर्च्या करतेत, दारोदार असतेत, त्याच्यात आत्याबाई बसायच्या, पाय हालवत. मी घरी कधी त्यांना पाय हालवत बसलेलं पाह्यलं नव्हतं.

पण माझं काय झालं तिथं, ते ऐका. पहिली मॅच, गोल न्हाई. दुसरी, न्हाई. तिसरीला दोन बॉल माझ्या पायापुढून गेले आणि मी पोचलेच न्हाई. मैदानात उभी राह्यले की छाती दाटून यायची, जर्सी ओली व्हायची, लेकरू रडलं का, भुकेजलं का, सारखे डोळे कडंला. इब्राहिम कोच भला माणूस, पण तो तरी काय करणार, मला म्हणला आणखी एक मॅच पाहू, न्हाई झालं तर दुसरी पोरगी आणावी लागल. म्हणजे परत पाठवणार. मी खोलीत येऊन रडले ताई, हमसून हमसून. मला वाटलं झालं आपलं, सव्विसाव्या वर्षी संपलं, आता नुसतं सांगायला राह्यलं की मी पण खेळायची.

आत्याबाईंनी रडू दिलं. मंग म्हणल्या, मला तुझ्यातलं काही कळत न्हाई, पण तू कळी फुलून गेल्यावर जाऊन राह्यलीस. बॉल येतो, मंग तू निघतीस. आधी निघायचीस ना? मी म्हणलं हाव. म्हणल्या, ध्यान लेकरात हाय, दुसरं काही न्हाई. आम्ही कुठं बसतो? मी म्हणलं बाजूला, मंडपात. आणि तुला मारायचं कुठं असतंय? म्हणलं समोर, जाळीत. तर म्हणल्या, उद्या मी त्या जाळीच्या मागं बसते लेकराला घेऊन. तू लेकराकडंच ये. मधी जाळी येतीय, येऊ दे.

दुसऱ्या दिवशी गोलच्या मागं, कुंपणाच्या बाहेर, आमिनाची जाळीची खुर्ची, त्याच्यात आत्याबाई, डोक्याला पदर, मांडीवर यशू. मी पाह्यलं आणि काय सांगू तुम्हाला, अंगातलं ओझंच उतरलं. नजर वळवायचं कामच राह्यलं न्हाई. तिसाव्या मिनटाला बॉल आला, मी आधीच तिथं व्हते. हाफ टाइमनंतर बाजू बदलतेत, हे त्यांना कुठं म्हाईत, त्यांनी पाह्यलं की सुजाता उलटीकडं तोंड करून उभी हाय, तर यशूला काखेत मारलं, खुर्ची दुसऱ्या हातात, आणि सगळ्या ग्राउंडला वळसा घालून निघाल्या पलीकडं, मागून आमिना छत्री धरून. लोक हसून हसून बेजार. रेफ्री पण थांबला. त्या बसेपर्यंत मॅच सुरू झाली न्हाई, खरं सांगते. आणि मंग मी आणखी दोन मारले.

तिथून पुढं मी थांबले न्हाई. प्रत्येक मॅचला गोल. आत्याबाई काय करायच्या, गोल झाला की दोन्ही हात माझ्या दिशेनं ओवाळून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायच्या, आलाबला घ्यायच्या. आमिना पाहून पाहून करायला लागली. मंग तिच्या शेजारच्या दोघी. सीझन अर्धा झाला तवा मंडपातल्या सगळ्या बाया, डोक्याला रुमाल बांधलेल्या, माझा गोल झाला की एकदम उभ्या राहून कडाकडा बोटं मोडायच्या. दुसऱ्या टीमच्या पोरी घाबरायच्या, त्यांना वाटायचं काही जादू हाय. आज पण डोळे मिटले की मला तो आवाज येतो.

फायनलला पोचलो. नव्वद मिनटं झाली, एक एक. जादाचा वेळ लागला. आता जादाच्या वेळात बाजू आपोआप बदलत न्हाई, परत टॉस करतेत. आत्याबाईंना वाटलं नेहमीसारखी बदलली, त्या खुर्ची घेऊन वळसा मारून पलीकडं जाऊन बसल्या, आणि टॉसला आमची तीच बाजू राह्यली. म्हणजे त्या आमच्याच गोलच्या मागं. आणि नेमका मला बॉल आला, गोलकीपर पडलेली, समोर मोकळी जाळी, आणि मी बाहेर मारला. मंग शेवटी पेनल्टीवर हरलो. आता खरं सांगू का, मी खुर्ची कुठं हाय ते पाह्यलंच नव्हतं. माझ्या पोटरीत गोळा आल्ता, पाय वळलाच न्हाई, एवढंच. खोलीवर येताना आत्याबाई म्हणल्या, बाजू चुकली गं माझी. मी दमलेले, म्हणलं चुकली तर चुकली, जाऊ द्या. एवढंच बोलले मी. ते एवढंच मला दहा वर्षांनी कळलं किती व्हतं ते.

पुढचं ऐका. दोन दिवसांनी इब्राहिम कोच आला आणि म्हणला आणखी दोन सीझन तू पाहिजेस, सासूबाईंना आणि लेकराला घेऊन. मी म्हणलं उद्या सांगते. मला तर उड्या मारायच्या व्हत्या. दुपारी मी धुतलेले कपडे काढायला मागं गेले, तर आत्याबाई तिकडं नणंदेसंगं फोनवर बोलून राह्यल्या. काय म्हणाव्या? जीव आंबून गेला बाई माझा, सकाळ संध्याकाळ मासे, तोंडाला वास, गुडघे धरून आलेत, कवा एकदा वडीगोद्रीच्या फाट्यावर उतरते असं झालंय, पण सुनेसाठी करून राह्यले, काय करता. मी कपडे हातात घेऊन उभी. मला इतकं वाईट वाटलं. म्हणलं ह्या बाईनं माझ्यासाठी चार महिने ओढले आणि मी आणखी दोन वर्षं ओढायला निघाले. दुसऱ्या दिवशी मी कोचला सांगितलं, न्हाई जमत, सासूबाईंना जमत न्हाई. आणि घरी सगळ्यांना सांगितलं की पुढच्या सीझनला त्यांनी बोलावलं न्हाई. आत्याबाईंना पण तेच. त्या उठून तवा धुवायला गेल्या.

मंग मी काही खेळले न्हाई. यशूनंतर दुसरं झालं न्हाई, शाळेत पोरींना शिकवायचं काम मिळालं, अजून तेच करून राह्यले. पोरी चांगल्या हायेत आमच्या, दोघी तर माझ्यापेक्षा भारी, त्यांना पळता पण येतं. मी म्हणायची आपण बरोबर केलं. कधी कधी एकटी असले की त्या ग्राउंडचं गवत आठवायचं, पण मी म्हणायची, आत्याबाई सुखात हायेत ना, मंग झालं. कोणालाच सांगितलं न्हाई, यशूच्या पप्पाला पण न्हाई. मनातल्या मनात मी लई मोठी झाल्ते बघा.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट. आत्याबाई यशूच्या पप्पाला म्हणल्या, माझा पासपोर्ट संपला, मला जालन्याला ने, नवीन करायचाय. आम्ही दोघं हसलो. मी म्हणलं, आत्याबाई, कुठं निघाल्या? त्या हसल्या न्हाईत. म्हणल्या, तुला परत बोलावलं तर माझ्यापायी अडायला नको. मी म्हणलं, आता सदतिसाव्या वर्षी मला कोण बोलावतंय. तर खाली पाहून म्हणल्या, तवा बोलावलं असतं, मीच उलट्या बाजूला बसले, तुझा गोल गेला, म्हणून बोलावलं न्हाई, मला काय कळत न्हाई का. दहा वर्षं ताई. दहा वर्षं ती बाई हे धरून बसली व्हती. मला रडूच आलं, मी म्हणलं अहो न्हाई, आत्याबाई, न्हाई, त्यांनी बोलावलं व्हतं, दोन सीझनला बोलावलं व्हतं, मीच न्हाई म्हणलं. आणि सगळं सांगितलं, फोनवर काय ऐकलं ते पण. मला वाटलं आता त्या मला जवळ घेतील.

त्यांनी जवळ घेतलं न्हाई.  म्हणल्या, अगं येडे, फोनवर लेकीला मी काय सांगू? की मी इथं समुद्रावर पाय हालवत बसले, मजा करून राह्यले? तिच्या सासरात सगळे ऐकतेत, म्हणतील म्हातारी चळली, घर सोडून मासे खाऊन राह्यली. बाई माणूस कधी म्हणतं का फोनवर की मी सुखात हाय? आणि मंग आवाज चढला त्यांचा, मी आल्यापासून इतका कधी ऐकला न्हाई. म्हणल्या, बापानं लग्न लावलं, मला इचारलं न्हाई. मुकादम म्हणला ह्या प्लॉटला, ह्या प्लॉटला गेले. नवरा म्हणला तिकडं, तिकडं गेले. जल्मात एकदा मी माझ्या तोंडानं म्हणले की मी जाते, आणि गेले. माझं माझं एवढं एकच व्हतं सुजाता. ते तू परस्पर नको म्हणून सांगून आलीस.

 

आठ दिवस बोलल्या न्हाईत माझ्यासंगं. यशूला म्हणायच्या, तुझ्या मम्मीला सांग चहा झाला. मी समोरच बसलेली, यशू म्हणायची मम्मी, चहा झाला. मी म्हणायची आज्जीला सांग, घेते. यशू अकरा वर्षांची, ती वैतागली, म्हणली तुम्ही दोघी माझ्यासंगंच बोला फक्त, मला बराबर चालतंय. पप्पा तर ड्युटी करून यायचे आणि घरात शिरायच्या आधी इचारायचे, झालं का.

नवव्या दिवशी मी भांडी घासून राह्यले तर मागं येऊन उभ्या. म्हणल्या, त्या कोचला तू काय म्हणलीस, जसंच्या तसं सांग. मी म्हणलं, सासूबाईंना जमत न्हाई असं म्हणले. त्यांनी कपाळावर हात मारला. माझं नाव सांगितलंस! म्हणजे आमिनाला कळलं असंल ना. तिला वाटलं असंल मी तिच्या घराला कंटाळले. दहा वर्षं त्या बाईला वाटून राह्यलं असंल की हिनं माझं खाल्लं, माझ्या खुर्चीत बसली आणि म्हणली नको. लाव. आत्ताच्या आत्ता फोन लाव.

आता आमिनाचा नंबर कुठं? दोन दिवस हुडकला, टीममधल्या एका पोरीकडून मिळाला. व्हिडिओ लागला. आमिना पण म्हातारी झाली, चष्मा लागला, पहिल्यांदा दोघी नुसत्या हाय हाय करत राह्यल्या. आत्याबाईंनी मोबाइल दोन्ही हातानं धरला आणि म्हणल्या, आमिना, मैं नको नहीं बोली थी. ये बोली. मेरे को पुछे बगैर बोली. मैं तो आनेवाली थी. आमिना चष्मा काढून डोळे पुसून राह्यली, मंग तिच्या भाषेत कोणाला तरी आत हाक मारून मोठ्यानं काहीतरी सांगितलं, आणि म्हणली, मैं समझी तुम मुझसे नाराज. लाओ, उसको दिखाओ, नौ नंबर को. आत्याबाईंनी मोबाइल माझ्याकडं फिरवला. आणि दोघीजणींनी मिळून मला जे झापलं ताई, अर्धा तास, एक मराठीत, एक तिच्या भाषेत, मधी मधी हिंदी, मी चुलीपाशी मान खाली घालून उभी, शाळेतल्या पोरीसारखी. यशू दारातून पाहून हसून राह्यली.

आता बोलतेत माझ्यासंगं. पण पहिल्यासारखं न्हाई, जरा वरच्या आवाजात बोलतेत, आणि मला तेच बरं वाटतं. पासपोर्ट आलाय, कपाटात ठिवलाय. आमिनानं बोलावलंय, यशूच्या सुट्टीत. डॉक्टर म्हणतेत गुडघ्याला जपा, तर त्या डॉक्टरला म्हणल्या, इमानात बसूनच जायचं असतंय. तिकिटाचं यशूचे पप्पा पाहून राह्यलेत.

माझे दोन सीझन गेले, त्याचं मला फार काही न्हाई, ते मी माझ्या हातानं घालवले. त्यांचे दोन गेले ते पण मीच घालवले, आणि मला वाटून राह्यलं व्हतं मी त्यांच्यासाठी केलं. ते काही भरून येत न्हाई. तिकडं गेल्यावर किती दिवस राह्यचं, असं यशूच्या पप्पानं काल इचारलं, तोंडावर आल्तं माझ्या की आठ दिवस बास, त्यांच्या गुडघ्याला झेपायचं न्हाई. गिळून टाकलं. म्हणलं, आत्याबाईंना इचारा.